आपल्या जिल्ह्याचा तक्ता

जून लागला की लॅबमधल्या फ्रिजच्या दारावर माझी बारीक नजर असते. आत अँटिबायोटिकच्या डिस्क असतात: सहा मिलिमीटर व्यासाच्या, टिकलीएवढ्या कागदी चकत्या, प्रत्येकीत ठरावीक मायक्रोग्रॅम औषध मुरवलेलं. या डिस्कची गार नळी तशीच उघडली तर रत्नागिरीच्या हवेतला ओलावा त्या कागदावर धरतो, आणि इमिपेनेम किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसारखी नाजूक औषधं त्यात मरगळतात. म्हणून नळी आधी बाहेर काढून ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण काढायचं. आतली सिलिका जेलची पुडी कोरडी आहे ना, तेही बघायचं. मुंबईच्या वातानुकूलित लॅबमध्ये शिकताना हा नियम मी पाठ केला होता. त्याची खरी किंमत कळली ती कोकणात नोकरीला आल्यावर. इथे पावसात लाइट जाते, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, आणि तोवर फ्रिज आतून घामेजलेला असतो.

एवढी काळजी कशासाठी, ते प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, दिसतं. रुग्णाला लागलेला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे तिच्यावर तपासतात. रुग्णाच्या लघवीतून, रक्तातून किंवा जखमेतून वाढवलेला जंतू ठरावीक दाटपणाचा करून प्लेटभर सारवायचा, त्यावर डिस्क ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये सोळा ते अठरा तास ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जंतूंचा राखाडी थर सगळीकडे पसरलेला असतो. जिथे औषध लागू पडतं तिथे मात्र डिस्कभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते पट्टीने मोजायचं. उदाहरणादाखल मेरोपेनेम हे अँटिबायोटिक बघा. जंतू ई. कोलाय किंवा क्लेबसिएला असेल आणि वर्तुळ २३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं आलं, तर तो सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाला दाद देणारा. १९ किंवा त्याहून लहान आलं, तर रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा. मधले तीन मिलिमीटर अधांतरी. ओल्या डिस्कमुळे वर्तुळ चार मिलिमीटरने आक्रसलं की औषधाला दाद देणारा जंतू माझ्या रिपोर्टवर रेझिस्टंट ठरू शकतो, आणि वॉर्डात कुणाच्या तरी आजीला गरज नसताना कॉलिस्टिन सुरू होऊ शकतं. ते मूत्रपिंडाला इजा करणारं औषध आहे.

म्हणून आम्ही एक ओळखीचा जंतू पाळतो. एटीसीसी २५९२२ या क्रमांकाचा ई. कोलाय जगभरच्या लॅब वापरतात, कारण तो कुठल्या औषधाला किती दाद देतो हे पक्कं ठरलेलं आहे. मेरोपेनेमभोवती त्याचं वर्तुळ २८ मिलिमीटरच्या खाली येता कामा नये. एखाद्या सकाळी ते २६ आलं, तर मेरोपेनेमचे रिपोर्ट अडवायचे, नवी नळी उघडायची, पुन्हा लावायचं. वॉर्डातून फोन येत राहतात: "मॅडम, रिपोर्टचं काय झालं?" तिकडे माणूस तापाने फणफणलेला असतो आणि फोन करणाऱ्याचं काही चुकत नसतं. तरीही थांबावं लागतं. माझ्या मते लॅबमधलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात प्रामाणिक काम हे थांबण्याचंच आहे.

(जाता जाता: ज्या प्लेटवर हे सगळं चालतं तिच्यातलं अगार समुद्री शेवाळातून येतं. मिठाईत घालतात ते चायना ग्रास म्हणजे हेच. रॉबर्ट कॉख या जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला ते वापरायची कल्पना १८८१ मध्ये फॅनी हेस या बाईंनी दिली. जेली घट्ट राहण्यासाठी त्या स्वयंपाकघरात ते वापरत असत. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांतही अशी तांबडी शेवाळं वाढतात. भाट्याच्या बाजूला ओहोटीत फिरताना मला हे हटकून आठवतं.)

एका रुग्णाचा रिपोर्ट त्या रुग्णाच्या कामाचा. पण तो यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि रात्री दोन वाजता दाखल झालेल्या, रक्तदाब घसरलेल्या माणसासाठी डॉक्टर दोन दिवस थांबू शकत नाही. त्याला अंदाजानेच औषध निवडावं लागतं. त्या अंदाजाला आधार हवा म्हणून वर्षभराचे रिपोर्ट एकत्र करून तक्ता बनवतात: उभ्या रकान्यात जंतू, आडव्या ओळीत औषधं, आणि प्रत्येक चौकटीत शंभरातले किती दाद देतात त्याचा आकडा. याला अँटिबायोग्राम म्हणतात. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंवर रुग्णालयाने पाळत ठेवायची म्हणजे काय, याचं सगळ्यात साधं उत्तर हा एक पानाचा तक्ता आहे. माझं म्हणणं इतकंच आहे की तो आपल्या जिल्ह्याचा हवा. दुसऱ्याचा आणून भिंतीवर लावला तर नुकसान होतं.

देशात मोजणी होत नाही असं मुळीच नाही. आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं) जाळं २०१३ पासून काम करतंय, एनसीडीसीचं (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं) वेगळं आहे, आणि दोन्हींचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. ते वाचून झोप उडते. अतिदक्षता विभागांत आढळणारा ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू शंभरातल्या ऐंशीहून अधिक वेळा कार्बापेनेम गटाला, म्हणजे मेरोपेनेम-इमिपेनेमला, दाद देत नाही. क्लेबसिएलाही निम्म्याहून अधिक वेळा दाद देत नाही. पण हे नमुने येतात कुठून? आयसीएमआरच्या जाळ्यात मुख्यतः मोठ्या शहरांतली मोठी रुग्णालयं आहेत. तिथे पोचणारा रुग्ण आधी दोन-तीन ठिकाणी दाखवून, तीन-चार अँटिबायोटिकं घेऊन आलेला असतो. त्याच्या अंगातला जंतू आणि लांज्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, पहिल्यांदाच लघवीला जळजळ होतेय म्हणून आलेल्या बाईच्या अंगातला जंतू यांना एकाच टक्क्यात बसवणं चूक आहे.

आणि ही चूक रोज होते. तालुक्याच्या ठिकाणचा चांगला, अभ्यासू डॉक्टर राष्ट्रीय आकडा वाचतो, घाबरतो, आणि साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गालाही मेरोपेनेम लावतो. भरीला नातेवाईक असतात: "डॉक्टर, पैशाचं बघू नका, भारीतलं औषध द्या." मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या मुलाची ही तळमळ मला समजते. वाडीत आईवडील एकटे, आपण लांब, तेव्हा निदान औषध तरी सगळ्यात चांगलं असावं असं त्याला वाटतं. पण ई. कोलायमुळे होणाऱ्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन ही जुनी, स्वस्त गोळी अजूनही बहुतेक वेळा लागू पडते. हे देशाच्या आकडेवारीतही दिसतं आणि आमच्या प्लेटांवरही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात, मेरोपेनेम दुसऱ्या, कॉलिस्टिन तिसऱ्या. आधी पहिल्या गटाकडे वळायचं धाडस डॉक्टरला तेव्हाच होतं, जेव्हा इथला, त्याच्याच तालुक्यातला आकडा त्याच्या हातात असतो.

आता त्या आकड्याच्या अडचणी. यांवर मी बराच वेळ घालवते आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पहिली अडचण: कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघणं, कोणाचं लावलं जातं? ज्याला पहिल्या औषधाने बरं वाटलं त्याचं लागतच नाही. तो घरी जातो. ज्याचा ताप उतरला नाही, ज्याला दुसरं औषधही लागू पडलं नाही, त्याचा नमुना लॅबमध्ये येतो. मग तक्त्यात रेझिस्टंट जंतूंची गर्दी होणारच. ही गर्दी खरी आहे, पण ती जिल्ह्याचं चित्र नव्हे. चित्र बरोबर यायचं तर पहिला डोस देण्याआधी नमुना घ्यायला हवा, साध्या वाटणाऱ्या रुग्णाचाही. रक्ताचं कल्चर असेल तर मोठ्या माणसाचं बाटलीमागे आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवं, आणि दोन वेगळ्या जागांहून. तीन मिलिलिटर रक्त आणि तेही इंजेक्शन दिल्यावर घेतलेलं, अशा बाटल्या येतात तेव्हा त्यात काही उगवत नाही आणि आपण "जंतू नाहीत" असं लिहून मोकळे होतो.

दुसरी अडचण अंतराची. लघवीचा नमुना दोन तासांत लावायचा, नाहीतर थंड ठेवायचा. मंडणगडचा नमुना दोन तासांत रत्नागिरीला येत नाही, राजापूरच्या आतल्या गावचाही येत नाही. उन्हात एसटीच्या केबिनमध्ये प्रवास केलेल्या डबीत जंतू दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होत असतात, आणि संसर्ग मानायची मिलिलिटरमागे एक लाखाची रेघ एखादा निरुपद्रवी जंतूसुद्धा वाटेत ओलांडतो. बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा आणि डबीवर लिहिलेली वेळ, एवढ्याने यातलं बरंच सुटतं. वेळ लिहिलेली नसेल तर आम्ही फोन करून विचारतो. उत्तर बऱ्याचदा "सकाळीच घेतला" असं असतं.

तिसरी अडचण लहान जागेची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तक्त्याचा आंतरराष्ट्रीय नियम असा की एका रुग्णाचा त्या वर्षातला प्रत्येक जातीचा पहिलाच जंतू मोजायचा. अतिदक्षता विभागात तीन आठवडे झुंजणाऱ्या माणसाचे आठ नमुने आले आणि आठांतही तीच क्लेबसिएला निघाली, तर मोजायची एकदाच. शिवाय एखाद्या जंतूचे वर्षात निदान तीस रुग्ण भरले नाहीत तर त्याची टक्केवारी काढायची नाही, कारण दहातल्या सातांना सत्तर टक्के म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मुंबईत ई. कोलायचे तीस रुग्ण काही दिवसांत भरतात. आमच्यासारख्या रुग्णालयात ई. कोलाय आणि क्लेबसिएला भरतात, बाकीच्या चौकटी वर्ष संपलं तरी रिकाम्या. विषमज्वराच्या साल्मोनेलाची चौकट तर कायमच रिकामी. उपाय दोनच: दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करायचे किंवा शेजारच्या रुग्णालयांशी हात मिळवायचा. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे, कारण जुनी वर्षं मिसळली की बदल दिसायचा बंद होतो, आणि पाळत ठेवायची ती बदल वेळेत दिसावा म्हणूनच.

कोकणातल्या पावसाळी तापाचं आणखी एक आहे. भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूमुळे येणाऱ्या तापाची, धास्ती असते. चिखलात तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखायला लागल्या की डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करतो आणि ते बरोबरच आहे. लेप्टोस्पायरा आमच्या नेहमीच्या प्लेटांवर उगवत नाही, आणि जुनी औषधं त्याच्यावर अजून चालतात. म्हणजे आमच्या तक्त्यात तो कधी दिसतच नाही. दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यातला माकडताप विषाणूचा, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. डेंगीचंही तेच. पण तापाचं नेमकं निदान हातात नसलं की सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक सगळ्यांनाच मिळतं. त्यामुळे प्रतिजैविकांचा वापर कमी करायचा मार्ग पुष्कळदा लेप्टोच्या आणि डेंगीच्या वेळेवर मिळालेल्या तपासणीतून जातो. नुसता उपदेश ऐकून कोणताही डॉक्टर लिहायचा थांबणार नाही, आणि त्याने थांबावं असं मलाही वाटत नाही. समोर खरोखरच आजारी माणूस असतो.

किनाऱ्यावरची दुसरी एक मोजणी मला हेवा वाटावा इतकी नीट होते. खाडीकाठच्या तळ्यांत वाढवलेली कोळंबी युरोपला जायची असेल तर तिच्यात क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांचे अंश आहेत का, हे अब्जात किती इतक्या बारकाईने तपासलं जातं. सापडले तर माल परत. त्या बंदीमागचं मुख्य कारण खाणाऱ्याला होऊ शकणारी इजा हे आहे, रेझिस्टन्स नव्हे, हे खरं. पण कोळंबीसाठी आपण नमुना, डबी, बर्फ, वेळ, लॅब आणि कागद अशी अख्खी साखळी उभी करू शकलो. ती माणसाच्या लघवीसाठी उभी राहू शकत नाही असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

जंतू प्रवास करतात, आणि आपल्याकडे रुग्णही खूप प्रवास करतात. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्याला बांबोळीला जातो, रत्नागिरीचा कोल्हापूर किंवा मुंबईला. तिकडे अतिदक्षता विभागात दिवस काढून, लघवीची नळी घेऊन तो परत गावी येतो. कार्बापेनेमला न जुमानणारे जंतू त्याच्या आतड्यात मुकाट राहत असू शकतात, आणि तो त्यांच्यामुळे आजारी असेलच असं नाही. एनडीएम-१ (यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली) हे नाव ज्याला मिळालं तो जनुक असाच सापडला: २००८ मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएलात. हा जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतो, त्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही सरकू शकतो. म्हणून शहरातल्या अतिदक्षता विभागातून आलेल्या रुग्णाचा दाखल करतानाच गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा, आणि जंतू सापडला तर वेगळा गाऊन, वेगळा स्टेथोस्कोप, जमल्यास वेगळी खोली. या स्वॅबचे निकाल तक्त्यात मिसळायचे नसतात. ते वेगळ्या वहीत. नातेवाईकांना हे सांगताना जपावं लागतं. "म्हणजे आमच्या माणसाला वाळीत टाकणार काय?" असं एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं होतं. तसं नाही हे पटवायला आमच्या सिस्टर त्यांच्याजवळ बराच वेळ बसल्या.

त्या सिस्टरांविषयी लिहायलाच हवं. संसर्ग नियंत्रणाचं काम त्यांच्याकडे आहे. रोज ठरलेल्या वेळी त्या प्रत्येक वॉर्डातून फिरतात आणि मोजतात: आज किती जणांना लघवीची नळी आहे, किती जणांना मानेतली मोठी सलाइन, किती जण व्हेंटिलेटरवर. महिन्याअखेर नळीमुळे झालेले संसर्ग भागिले नळीचे एकूण दिवस, गुणिले हजार. लॅबमधली माझी सगळी वर्तुळं या आकड्याशिवाय अपुरी आहेत, कारण जंतू रेझिस्टंट आहे एवढं मी सांगू शकते, तो रुग्णाला आमच्याच हातून लागला का हे सिस्टर सांगतात. मोजता मोजता त्या राउंडवरच्या डॉक्टरांना विचारतात, "आज ही नळी हवीये का?" आणि निम्म्या वेळा ती निघते. नवं अँटिबायोटिक शोधायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागतो. अनावश्यक नळी काढायला एक सिरिंज लागते.

मोजणाऱ्या रुग्णालयाचे आकडे वाईट दिसतात, हीसुद्धा एक भीती असते. २०१० मध्ये एनडीएमवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्याकडे राजधानीचं नाव अशा जनुकाला दिल्याचा राग उसळला. तो राग मला समजतो, पण त्या गोंधळात वॉर्डातल्या नळ्या, हात आणि सांडपाणी यांच्याबद्दल बोलायचं राहून गेलं. केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला आणि पुढे राज्यभराचा अँटिबायोग्राम लोकांसमोर ठेवला. आकडे काही गोड नव्हते. तरी ठेवले. ज्या रुग्णालयात "आमच्याकडे असले जंतू नाहीत" असं ठामपणे सांगतात, तिथे माझ्या घरचं माणूस दाखल करताना मी दहा वेळा विचार करीन.

आणि मोजत राहिलं तर चांगल्या बातम्याही कळतात. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल एकेकाळी हुकमी औषध होतं. मग त्याला न जुमानणारे जंतू पसरले, डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सॅसिनकडे वळले, पुढे तेही निकामी होत गेलं. दरम्यान क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळपास थांबला. आज देशातल्या विषमज्वराच्या जंतूंपैकी बहुसंख्य जंतू त्याला पुन्हा दाद देतात. त्याचे दुष्परिणाम लक्षात घेता ते सर्रास परत आणा असं कुणी म्हणत नाही. पण वापर थांबला तर काही औषधं परत मिळू शकतात, हे कुणीतरी वर्षानुवर्षं कंटाळा न करता वर्तुळं मोजली म्हणूनच कळलं.

सिंधुदुर्गात ओरोसला आणि इथे रत्नागिरीला अलीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आले. खासगी आणि ट्रस्टच्या लॅब आधीपासून आहेतच. आम्ही तीन ठिकाणच्या लोकांनी आकडे एकत्र करायचं ठरवलंय. बोस्टनमधल्या एका रुग्णालयातल्या मंडळींनी बनवलेलं व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकाच रुग्णाचे पुन्हापुन्हा आलेले जंतू ते आपोआप गाळतं. रुग्णांची नावं काढून टाकलेल्या फाइली आल्या आहेत. सध्या अडलंय ते वॉर्डांच्या नावांवर: एकीकडे "फिमेल मेडिकल", दुसरीकडे "महिला कक्ष २", तिसरीकडे नुसता खाटेचा नंबर. शिवाय एका फाइलीत अर्भकांचं वय महिन्यांत लिहिलंय, त्यामुळे सात महिन्यांचं बाळ सात वर्षांचं दिसतं. ही जुळवाजुळव झाली की ई. कोलाय आणि क्लेबसिएलापाठोपाठ स्यूडोमोनास या जंतूचीही चौकट पहिल्यांदा तिसाच्या वर जाईल असा अंदाज आहे. तोवर दापोली, लांजा, देवगडच्या डॉक्टरांना एकच विनंती: पहिल्या इंजेक्शनच्या आधी नमुना घ्या, डबीवर वेळ लिहा, आणि बर्फासकट पाठवा. प्लेटा आणि पोषक द्रव्यं आहेत, इनक्युबेटरला इन्व्हर्टर बसवून झालाय.